पाळीपत्रक

कार्यशाळा महाप्याला, आठव्या मजल्यावर, तीन ते पाच.
म्हणजे ज्यांची पाळी दोनला सुटते
त्यांनी तासभर थांबायचं,
ताण कमी करून घ्यायला.

बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक पिवळा चेंडू दिला.
हसरा. दाबायचा, सोडायचा.
मग चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.
पावणे गावाकडच्या कारखान्यांचा आंबूस वास
एसीतून येतच होता,
तोही आम्ही चार मोजत आत घेतला.

मग म्हणाल्या, ताण कुठे जाणवतो, तिथे बोट ठेवा.
हर्षलानं मानेवर ठेवलं,
इब्राहिम सोलकरनं पोटावर.
दयानंद भोईर कुठेच ठेवेना.
म्हणाला, मॅडम, बसलो की झोप येते,
आणि निजलो की फोन वाजतात.
कुणाचे, विचारलं.
सगळ्यांचेच, म्हणाला.
सगळे हसले. मीही.
माझं बोट मात्र हवेतच राहिलं.

कारण पाळीपत्रक मी करतो.
सहा वर्षं, दर गुरुवारी, जेवणं उरकल्यावर.
सकाळ हिरवी, दुपार पिवळी, रात्र निळी,
सुट्टी पांढरी.
भोक पडलं की जवळचा रंग ओढायचा.
जो नाही म्हणत नाही, त्याचा आधी.
नाही न म्हणणारे मला पाढ्यासारखे पाठ आहेत.

मागच्या वर्षी रेवती कोचरेकर जिन्यात बसून राहिली,
बूट काढून बाजूला नीट जोडून ठेवलेले,
जणू देवळाबाहेर.
मी तिला पाणी दिलं.
वर येऊन तिचा निळा चौकोन दुसऱ्याच्या नावावर टाकला.
दोन मिनिटं लागली.
दुसरा म्हणजे भोईर.

आज कोपरखैरण्यात, ओट्यावर लॅपटॉप ठेवून,
त्याची ओळ पहिल्यांदा आडवी वाचली :
निळा, निळा, निळा, पांढरा, हिरवा.
पांढऱ्या दिवशी तो सकाळी सातला सुटतो.
म्हणजे सुट्टीतले सात तास
सुट्टी उगवायच्या आत आम्ही खाल्लेले.
मग घणसोलीचं घर, लेकीची शाळा,
सासऱ्यांचं डायलिसिस,
पडद्याआडची कसलीशी झोप,
आणि पहाटे साडेचारचा गजर, हिरव्यासाठी.

मुलानं चेंडू दाबून पाहिला.
बाबा, म्हणाला, हा कितीही दाबला तरी हसतोच.
त्याला म्हटलं, झोप आता.

मग भोईरचा हिरवा पुसला.
मंगळवार, सकाळ, एक माणूस कमी.
सवयीनं हात शेजारच्या रंगाकडे गेला :
हर्षला. तीही नाही म्हणत नाही.
हात मागे घेतला.
भोक तसंच ठेवून पत्रक पाठवलं.
वरून विचारणा आली, मंगळवारी एक कमी का?
लिहिलं : माणूस झोपलेला असेल.
पुसलं. चहा केला. पुन्हा तेच लिहिलं.

मंगळवारी फोन तुंबले.
भिंतीवरचा लाल आकडा चाळिशीपार गेला,
मला खालच्या मजल्यावर बोलावणं आलं,
तिथं जे बोलले ते बोलले.
पुढच्या मंगळवारचं अजून ठरलेलं नाही.

बुधवारी भोईर आला. दाढी केलेली.
पाण्याच्या पिंपापाशी हळूच म्हणाला,
साहेब, काल पत्रकात माझं नाव नव्हतं.
चूक झाली होती का?

हो, म्हटलं.
बरेच दिवस होत होती.