चौथी लेन

कुपी एवढीशी. करंगळीच्या पेरात मावेल.
तळाशी दोन थेंब, फार तर तीन.
किंमत माझ्या दीड महिन्याच्या फेलोशिपएवढी.

हैदराबादहून रात्रीच्या बसनं आली,
थर्माकोलच्या डब्यात, निळ्या जेलच्या उशांमध्ये.
उशा वितळलेल्या. एप्रिल. नांदेडला त्रेचाळीस.
विष्णुपुरीत सकाळपासून लाइट नव्हती
आणि जनरेटरचं डिझेल कुणाच्या तरी सहीसाठी थांबलेलं.
मकसूदभाई इतवाऱ्यात गेले, गोळेवाल्याकडून
पोत्यात गुंडाळलेली अर्धी लादी घेऊन आले,
स्कूटरवर, दोन्ही गुडघ्यांत धरून.
भुसा झटकत म्हणाले,
"घ्या मॅडम, ससा गार करा."

सशाचाच ऐवज तो.
कुठल्या तरी शहरात, नंबर लावलेल्या पिंजऱ्यात
एका सशाला टोचला होता माणसाच्या प्रथिनाचा तुकडा.
त्याच्या रक्तानं तो परका मानला,
आठवडेच्या आठवडे घोकला,
हा दिसला की धरायचा.
बाकी हजारांना वाट द्यायची.
तो ससा मी पाहिला नाही.
माहितीपत्रकावर फक्त एक ओळ, होस्ट : ससा.
होस्ट म्हणजे यजमान.
पाहुणचारात संपलेला.

ते प्रथिन निरोप्या आहे.
पेशीच्या उंबऱ्याशी, आतल्या अंगाला उभं असतं.
बाहेर कुणी कडी वाजवली की आत पळायचं आणि सांगायचं,
आलंय कुणीतरी, उठा.
एवढंच काम.
पण तेच नसेल तर पहारेकरी नुसते उभे,
वर्दी कडक, डोळे उघडे,
गावात शिरणाऱ्या प्रत्येकाला रामराम करत.

मुखेडकडच्या शिवकांताचा मन्मथ अकरा महिन्यांचा.
सहादा न्यूमोनिया.
जिभेवरची पांढरी बुरशी काही केल्या जात नाही.
डॉक्टर म्हणाले, पेशी मोजल्यात, निम्म्याहून जास्त हजर आहेत,
हजर असून काय करतात ते तुम्ही बघा.

जुन्या स्टोअररूमची डार्करूम.
लाल बल्ब, हायपोचा वास, पालीची चुकचुक.
पहिल्या लेनमध्ये मोजपट्टी,
दुसरीत माझं रक्त, तिसरीत मकसूदभाईंचं, चौथीत मन्मथचं.
फिल्म पाण्यात हलवली आणि काळं वर आलं.
माझी रेघ बारीक. मकसूदभाईंची जाड,
(ते खूश झाले, म्हणाले मटणाचा गुण.)
चौथी लेन
पाटीवर पाणी फिरवावं तशी.

मी बर्फावर संशय घेतला. बसवर. ड्रायव्हरवर.
उन्हात डबा ठेवणाऱ्या अनोळखी हातावर.
पण तसं असतं तर आमच्याही रेघा पुसल्या असत्या.
दुसऱ्यांदा केलं.
ॲक्टिन पाहिलं, जे प्रत्येक पेशीच्या घराला वासे असतात तसं असतंच.
ते तिघांचंही सारखं. म्हणजे घर होतं. वासे होते.
तिसऱ्यांदा जेल ओतताना
मी देवाला नाही, सशाला म्हणाले,
धर की रे.

सशानं धरलं नाही. नव्हतंच, तर धरणार काय.

बाहेर बाकावर शिवकांता,
मांडीवर मन्मथ, गळ्यात पोराच्या लिंगाची चांदीची डबी.
"काय निंगालं, मॅडम?"
रात्रभर जागलेली मी, शब्द न निवडता बोलून गेले,
"काहीच निघालं नाही."

तिचे खांदे खाली आले.
डोळे मिटून तिनं ती डबी कपाळाला लावली.
"बरं झालं बाई," म्हणाली, "लई घोर होता जिवाला,"
आणि मी तोंड उघडायच्या आत
पदराखालून फोन काढून नवऱ्याला लावला.
"ऐकलंव का, काई निंगालं न्हाई म्हनल्या मॅडम.
काईच न्हाई."

"शिवकांता," मी म्हटलं, "ठेव फोन. बस जरा."

तिनं माझ्याकडं पाहिलं.
फोन कानापासून हळूहळू खाली आला, बंद न होता.
मन्मथनं त्याच्याकडं हात केला.
आणि मुखेडहून त्याचा बाप
हॅलो म्हणत राहिला, हॅलो,
आवाज येईना तुझा,
हॅलो.