वाफा नंबर सात

अजमानला, नुऐमियात, दोन इमारतींच्या मधे
आधी एक गंजकी गाडी होती आणि मांजरं.
तिथे नगरपालिकेने फळ्या ठोकून बारा वाफे आखून दिले
आणि पाटी लावली, चार भाषांत:
दुसऱ्याच्या वाफ्यातलं तोडू नये.

पाणी एसीचं.
भिंतीवरून उतरणाऱ्या नळ्या पिंपात सोडल्यात;
आमचं घोरणं, भांडणं, कुकरची वाफ,
सगळं गार होऊन रात्रभर ठिबकतं.
त्यावर अच्चम्माची तोंडली, उम्म वलीदची मुलूखिया,
आणि सात नंबरात माझी चवळी,
बी गुहागरचं, मोज्यात घालून आणलेलं.

मोफिजुलला वाफा नाही.
तो नातूर. इमारत राखतो, जिन्याखाली राहतो.
अर्जात 'भाडेकरू' असा रकाना आहे.

जुलैत सगळे गावी जातात.
एसी बंद, नळ्या कोरड्या, पिंपात पाल.
मीही त्याच्याकडे किल्ली दिली
आणि चवळीचं नाव काढलं नाही.
मरणाऱ्याबद्दल कशाला बोला.

ऑगस्ट संपताना परतले तर दारात बिल.
चाळीस दिरहम. बंद घराचे.
मी पोटासाठी लोकांचे हिशेब लिहिते;
शून्याच्या जागी चाळीस दिसले की मला झोप येत नाही.
तणतणत खाली गेले.

तो म्हणाला, रोज दुपारी दोन तास, मॅडम,
तुमचाच एसी लावत होतो. तुमची नळी, तुमचा वाफा.
पिंपाचा तळ झाकला की बंद.
सोफ्यावर बसलो नाही. उभाच होतो.
चपला बाहेर.

चवळी कमरेपर्यंत.
शेंगा वेलावरच वाळून खुळखुळ्यासारख्या वाजत होत्या.
अरे, कोवळ्या होत्या तेव्हा खायच्यास ना!
त्याने पाटीकडे बोट केलं.

बिल भरलं. कुठल्या खात्यात मांडायचं ते सुचेना,
'किरकोळ' लिहिलं, खोडलं,
जागा तशीच सोडली.
मूठभर बी त्याला दिलं. त्याने शर्टाच्या खिशात टाकलं,
वरून बटण लावलं.

यंदा जुलैत किल्ली देताना बजावलं,
सोफ्यावर बसायचं.
हो म्हणाला.

बिल आलंय, बेचाळीस.
सोफ्यावरची चादर मात्र
मी घातली होती तशीच, ताठ,
एकसुद्धा सुरकुती नाही.