एकोणतीस, तीस, एकतीस

बरण्या चार आहेत.
नोदार त्यांत जोंजोलीचं लोणचं घालायचा,
झाकणांतून तो वास अजून जात नाही.
पेन्शन आली की प्रत्येकीत साठ लारी.
आमच्या गल्लीतला दुकानदार मेराब
नोट नाकाशी नेतो नि हसतो,
"त्सियालाबाई, तुमचे पैसे आंबलेत."

आंबू देत. पण चालतात.
मक्याचं पीठ, राजमा, तेल, चहा,
दहा अंडी.
चीज रविवारी, तेही इतकं पातळ कापलेलं
की पलीकडचा पेपर वाचता यावा.

सगळ्या वर्षात फेब्रुवारी तेवढा सरळ माणूस.
चार बरण्या, अठ्ठावीस दिवस,
हिशेब मिटवतो नि उठून जातो.
(चार वर्षांतून एकदा त्यालाही मोह होतो.)
बाकीचे महिने शेपूट घेऊन येतात
आणि शेपटासाठी माझ्याकडे
पाचवी बरणी नाही.

मेराबकडे उधारीची वही आहे.
कुताइसीतली अर्धी गल्ली तिच्यात राहते.
नोदारही राहायचा, सहा पानं भरून.
त्याला मातीत ठेवून आल्यावर
एकेक पान फेडत गेले,
फेडलं की फाडून घरी आणायचं.
चौदा महिने लागले.
शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात होतं:
बिस्किटं, एक पुडा.
मला आठवत नाही ती बिस्किटं कुणी खाल्ली.

नातेला बारीत असते, इटलीत,
दुसऱ्या कुणाच्या आईला चमच्याने भरवते.
तिचे पैसे नातवाच्या फीचे,
त्यांच्यावरून मी हातसुद्धा फिरवत नाही.
रविवारी फोनवर विचारते, "काय जेवलीस?"
तारीख कुठलीही असो,
मी पहिल्या आठवड्यातलं जेवण सांगते.

तर ऑक्टोबरची तीस.
दारात तारिएल.
कारखान्यात नोदारच्या शेजारच्या मशीनवर
वीस वर्षं उभा असलेला माणूस,
काखेत घरच्या वेलीच्या वाइनची बाटली.
आमच्याकडे म्हणतात, पाहुणा देवाने धाडलेला.
देवाला पहिला आठवडा
कधीच का सापडत नाही?

घरात वाटीभर राजमा, अर्धा कांदा,
दोन मुठी पीठ.
भाकऱ्या थापल्या, जरा लहानच.
मग कपाटामागची पिशवी ओढली,
नववर्षासाठी ठेवलेले अक्रोड.
मोजून अकरा काढले.
बारावा हातात घेतला
आणि परत ठेवला. खरं ते सांगते.

तारिएलने प्याला उचलला नोदारसाठी,
मग परदेशी गेलेल्या मुलींसाठी,
मग बंद पडलेल्या कारखान्यासाठी,
मग माझ्या हाताच्या चवीसाठी.
भाषणं लांबवली त्याने, घास नाही.
"आत्ताच जेवून निघालो," म्हणाला
आणि पोटावर थाप मारली.
पट्ट्याला नवं भोक होतं,
खिळ्याने पाडलेलं, वाकडं.

तो गेल्यावर टेबल आवरलं.
सवयीने टरफलं मोजली.
अठरा वाट्या.
म्हणजे नऊ.
खुर्चीखाली वाकून पाहिलं,
चुलीमागे पाहिलं,
उंदरालाही मनातल्या मनात बोल लावून झाला.
मग ताटली विसळता विसळता
लामारा आठवली,
त्याची बायको, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली.
अक्रोड पाण्यात रात्रभर भिजवले
तर हिरड्यांनीसुद्धा चावता येतात.

वही उघडली.
तीस: राजमा, भाकरी चार, अक्रोड
आणि इथे पेन्सिल थांबली.
सात वर्षांत या वहीत
एक तेत्रीसुद्धा इकडची तिकडे नाही.
लिहिलं: अकरा. खाल्ले.

एकतीसला चहा.
दुपारी परत चहा, त्याच पत्तीचा.
बरण्या धुऊन खिडकीत
पालथ्या घातल्या, उन्हात.
वास आहेच.