पायधूळ

आमचं गाव निवडलं, कारण भिकारी आयते होते.
दिग्दर्शकाचा माणूस तंबाखूच्या गोदामापाशी उभा राहून
बोटानं वेचत गेला : हा, ही, तो लंगडा,
तो नको, फार धट्टाकट्टा दिसतो.
रोजाला तीस पेसेता आणि दुपारचं जेवण.
माझे वडील, एउतीमिओ, निवडले गेले.

सिनेमा एका देवभोळ्या विधवेचा होता म्हणे.
मेलेल्या नवऱ्याच्या आत्म्याला गती मिळावी म्हणून
ती ईस्टरच्या आत चाळीस गरिबांचे पाय धुवायचा नवस बोलते,
आणि गरीब लोक रांगेतली आपापली जागा
भाड्यानं द्यायला लागतात.
लोकांनी हसावं, आणि हसता हसता ठेच लागावी,
असा काहीसा हेतू.
आम्हाला हेतू कुणी सांगितला नाही.
एवढंच सांगितलं, उद्या बाई तुमचे पाय धुणार आहेत.

त्या रात्री वडील विहिरीवर गेले.
धुण्याचा साबण, विटेचा तुकडा.
टाचांच्या भेगांत काडी घालून घालून
अर्धी रात्र घासत बसले.
परक्या बाईच्या हातात द्यायचे पाय!
आई म्हणाली, लग्नातसुद्धा एवढे उजळ नव्हते.

सकाळी मेकअपवाल्यानं कपाळावर हात मारला.
मग एक डबा उघडला.
त्यात चिखल होता, माद्रिदहून आणलेला.
ज्या गावात धुळीशिवाय काही पिकलं नाही
त्या गावात चिखल बाहेरून आला,
आणि बारीक ब्रशनं, नखांच्या कडेकडेनं,
त्यानं वडिलांना पुन्हा गरीब केलं.

अकरा टेक झाले.
अकरा वेळा बाईंनी गुडघे टेकले, धुतले, पुसले, ओठ लावले,
अकरा वेळा तो डबा घेऊन धावला.
पाणी पहिल्यांदा कोमट होतं.
सहाव्यानंतर तापवायचं कुणाला सुचलं नाही.
नवव्या टेकला बाईंनी हळूच विचारलं,
गारठलात का हो?
नाही, सेन्योरा.
एवढाच संवाद. तो सिनेमात नाही.

मेजवानीतल्या कोकराला वार्निश फासलं होतं, चकाकावं म्हणून.
फुल्हेन्सिओनं तरी एक तंगडी लांबवली,
तीन दिवस ओकत होता.
फादर क्रिसान्तो म्हणाले, हा देवाचा कौल.
त्यांच्या दारात सूप मिळायचं
ते पाप कबूल केल्याची चिठ्ठी दाखवली तर,
आणि आमची पाप करण्याइतकीही ऐपत नव्हती;
वडील शेजाऱ्याचं उसनं घेऊन जायचे.

सिनेमावर बंदी आली. धर्माची टवाळी.
सतरा वर्षांनी उठली, तेव्हा नगरपालिकेच्या हॉलमध्ये
दोन चादरी जोडून पडदा लावला.
वडील कोट घालून पहिल्या रांगेत.
चेहरा कुठेच नव्हता. कापला असेल,
किंवा घेतलाच नसेल.
पण पाय आले, पडदाभर,
डाव्याचं करंगळीशेजारचं बोट नसलेले,
आणि आई अंधारात ओरडली, ते आमचे!
सगळे हसले.
बाईंनी ओठ लावले तेव्हा पुन्हा हसले.
वडीलही हसले, जरा उशिरा.

घरी येताना म्हणाले,
तिला खरंच दया आली होती गं.
कुठल्या टेकला, तेवढं ओळखू येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत त्यांना शेवटची आंघोळ मी घातली.
पाणी नीट तापवून घेतलं.
सिस्टर प्राक्सेदेस कोपऱ्यात जपमाळ ओढत होत्या,
मध्येच थांबून म्हणाल्या, राहू दे आता, स्वच्छ आहेत.
पण टाचेच्या भेगेत काही काळं होतं.
घासलं, पुन्हा घासलं,
जाईना.
माद्रिदचं असावं.