हात वर

सोमवारपासून तो येणार म्हणून
त्याचं ओळखपत्र मीच छापलं.
फोटोत हसरा. मशीन दोनदा अडकलं,
तिसऱ्यांदा निमूटपणे त्याला बाहेर सोडलं.

औलूत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधारतं.
कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावून
वेइक्को म्हणाला, आम्ही सगळं तपासलंय.
माणूस मोठा आहे. जुन्या गोष्टी जुन्या आहेत.
दालचिनीचे पाव ठेवले होते, कुणी उचलले नाहीत.

मागच्या रांगेतून हिल्कानं हात वर केला.
चाचणी विभागातली, कमी बोलणारी.
इथे येण्याआधी चार वर्षं
ती त्याच्याच हाताखाली होती, हे फक्त मला माहीत,
कारण तिचा अर्ज माझ्या फायलीत आहे
आणि 'नोकरी का सोडली' याच्यापुढची रेघ
कोरी.

"तपासलंत, तर विचारलंत कुणाला?"

वेइक्कोनं संचालकांकडे पाहिलं,
संचालकांनी एजन्सीकडे बोट दाखवलं,
एजन्सी स्टॉकहोमहून पडद्यावर होती,
तिचा आवाज नेमका तेव्हाच बंद.
मग एकेकानं हात वर केले.
प्रश्न त्यांच्यातल्या कुणालाच नव्हता.

हिल्काचा अजून तसाच,
एकटा, थोडा थरथरणारा,
बाहीला कॉफीचा डाग.

मी माझे दोन्ही हात खिशात घातले.
उजव्या खिशात त्याचं ओळखपत्र होतं,
चेहरा माझ्या तळहाताकडे.