पान एकशे सतरा

दुसरा रविवार. यावेळची पाळी माझी होती,
परभणीत, वसमत रोडला, वरच्या मजल्यावर.
माणसं सहा, पुस्तकाच्या प्रती दोन:
एक वाचनालयाची, एक मेहरुन्निसा मॅडमची,
तिच्यावर खाकी कव्हर आणि नातवाची तुकडी, सहावी ब.
ज्वारीवरच्या काणीमागं जन्म घातलेल्या
सबनीस बाईंचं आत्मचरित्र.

लोमटे सरांनी टिपणं काढून आणलेली.
"बालपण लांबलंय. आणि नवऱ्यावर अडीच पानं,
बुरशीवर दोनशे."
"जन्मभर सोबत कोण होतं, सर?"
म्हणत मॅडमनी येसराच्या आमटीत भाकरी कुस्करली.

मला आवडलं होतं पान एकशे सतरा.
जानेवारीतला गुरुवार. उबवणपेटीत चाळीस बश्या.
एकोणचाळीस बश्यांत बुरशी काठाला टेकलेली,
आणि चाळिसावीत मागं सरलेली,
मे महिन्यात विहिरीचं पाणी
पायऱ्या सोडत जातं तशी.
चार वर्षं बाईंनी तोच गुरुवार
पुन्हा मांडून पाहिला.
तीच पेटी, तेवढीच ऊब.
पुन्हा कधीच नाही.
"काय घडलं, मला आजही माहीत नाही,"
एवढं लिहून पुढचं पान
चक्क कोरं सोडलंय.
मी मोठ्यानं वाचलं. आवाज जरा भरून आला, खरं सांगते.

सटवाजी मामा खिल्लारे कधी बोलत नाहीत.
सोपान वकिलांच्या स्कूटरवर मागं बसून येतात,
जेवतात, ताट स्वतः धुतात,
नको म्हटलं तरी.
त्यांनी हातातला घास खाली ठेवला.
"त्यो डब्बा माझा व्हता."

कोणता डबा? पुस्तकात डबा नव्हता.

"थंडीनं भाकर वातड व्हायची. पेटी गरम.
म्या मागल्या अंगाला ठिवायचो,
बाई यायच्या आत काढून घ्यायचो.
त्या दिशी झाकण सैल ऱ्हायलं.
आन् आत हीच," मधल्या वाटीकडं बोट,
"बायकू लसूण लई घालायची."

लोमटे सरांच्या टिपणांवर आमटी सांडली.
आम्ही हसलो, खूप हसलो, वकील तर उठून गॅलरीत गेले.
मामाही हसले, तोंडावर हात धरून.
मॅडमनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं;
त्या आधी थांबल्या.
"लसणाचा वास बुरशीला सोसत नाही.
मामा, दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

"बाई बशी घिऊन पळतच आल्या.
कुणी हात लावला, कुणी हात लावला म्हून.
म्या रोजंदारीवर. बोललोच न्हाई.
तवापासून डब्बा लिंबाखाली."
"चार वर्षं?"
"चार कशाची. रिटायर होईस्तोवर."

बाई बश्या मांडत होत्या,
मामा बश्या धूत होते,
दुपारी लिंबाखाली गार भाकर.
पुस्तकात मामा आहेत. पान चाळीस, तळाशी:
"एक कामसू पोरगा होता, नाव आता आठवत नाही."
ते पान त्यांनी वाचलंय का,
आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

"बाईंना कळवायला हवं," लोमटे सर म्हणाले,
प्रकाशकाचा नंबर शोधू लागले.
"दिवाळीतच गेल्या," मामा म्हणाले.
"पेपरात आलं व्हतं. कात्रण हाय घरी."

मग भात वाढला. चर्चा पुन्हा
नवऱ्याच्या अडीच पानांवर न्यायचा प्रयत्न झाला.
चटणीची वाटी बराच वेळ
कुणी पुढं सरकवेना.

मंगळवारी पुस्तक परत केलं.
एकशे सतराव्यावर तेलाचा डाग,
समोरच्या कोऱ्या पानावर, मधोमध, पेन्सिलीनं मी:
*लसूण. स. खिल्लारे.*
ग्रंथपाल बाईंनी डागाचे दहा रुपये घेतले.
कोरं पान उजेडाला धरून पाहिलं,
आणि शिक्का मारला.