फट

टाइल पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा हसूच आलं.
कुरमुऱ्यांच्या पुडीइतकी हलकी.
वाळूचेच बारीक धागे, आणि दहात नऊ भाग हवा.
हिच्या भरवशावर
सात माणसं आकाशातून घरी यायची.

टायटसव्हिलहून पहाटे पाचची शिफ्ट.
पुलाच्या कठड्यावर पेलिकन, खाली शिशासारखं पाणी,
शेजारी ओडेसा मॅकरे, मांडीवर डबा,
आणि तिची एकच तक्रार: गुडघे.
अकरा वर्षं आम्ही यानाच्या पोटाखाली
माना वर करून उभ्या.
डिंक किती तासांनी धरतो ते कागदावर छापलेलं होतं.
ओडेसा कागदाकडे बघायची, साहेबाकडे बघायची,
आणि डिंकात हळूच थुंकायची.
लवकर धरतं म्हणे. धरायचंही.
पुढे चौकशी झाली, थुंकी बंद झाली,
गुडघ्यांचं कुणी काही केलं नाही.

चोवीस हजार टाइल्स. प्रत्येकीला नंबर,
डाव्या पंखाची उजव्याला चालत नाही.
भट्टीतून काढलेली एक पाहुण्यांना दाखवायचो:
मधोमध अजून लालभडक,
आणि ओडेसा ती कोपऱ्यांना धरून उभी,
उघड्या बोटांनी, जांभई देत.
शाळेची पोरं किंचाळायची.
ती काय समजावायची ते इंग्रजीत लांबलचक होतं.
मराठीत एवढंच:
ही मनाला लावून घेत नाही.

पण पाऊस! पावसाला भ्यायची बया.
बाराशे अंश सोसून आलेली
दुपारच्या एका सरीत पाणी पिऊन जड व्हायची.
म्हणून दर फेरीनंतर प्रत्येकीला औषधाची सुई.
एकेक करून.
माझ्या अंगठ्यावर तो घट्टा अजून आहे.

मला विचाराल तर खरी कारागिरी टाइलमध्ये नव्हतीच,
फटीत होती.
दोघींच्या मधे दोन-तीन पोस्टकार्डं सरकतील
एवढी जागा सोडायची.
खालचा पत्रा थंडीत आखडतो, उन्हात फुगतो;
खेटून बसवल्या तर एकमेकींना फोडतात.
जास्त सोडली
तर तिथूनच विस्तव आत शिरतो.
मी दिवसभर फटी मोजायचे.
घरी दिगंबर, त्याचं शब्दकोडं, झाकून ठेवलेलं माझं ताट.
तिथे मोजपट्टी कुणी लावली नाही.

उतरायच्या दिवशी आम्ही सगळे पार्किंगमध्ये.
वर कुठेतरी ते पोट पुढे करून हवेत शिरत असायचं,
हवेला बाजूला व्हायलाही सवड नाही,
ती दबते, दबता दबता पेटते,
आणि थोडा वेळ आवाज तुटतो.
तेवढा वेळ कुणी सिगारेटही ओढत नसे.
ओडेसाचे ओठ हलायचे. काय म्हणतेस, मी विचारलं नाही.
मी नंबर आठवायचे.
विशेषतः ती एक, नाकाखालची,
जिचा कोपरा मी दोनदा तासला होता
आणि तिसऱ्यांदा, घाई होती म्हणून, तसाच सोडला होता.

मग धाडधाड. दोनदा, पाठोपाठ.
काचा थरथरल्या, कुणाचातरी कुत्रा भुंकत सुटला,
आणि ड्वेनने टोपी काढून डोळे पुसले,
घाम आलाय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शिडी लावून मी आधी तिच्याकडे गेले.
एक पांढुरका ओरखडा. एवढंच.
हातमोजा काढून बोट फिरवलं,
नियमात बसत नव्हतं ते.
गार होती. माठासारखी गार.

यान आता संग्रहालयात, दोरीच्या पलीकडे.
ओडेसाचे दोन्ही गुडघे नवे, अलाबामात असते.
दिवाळीला पोस्टकार्ड पाठवते,
दरवर्षी चुकीच्या तारखेला.
वर लिहिते: किनी.
मंदाकिनी म्हणजे आकाशातली नदी,
हे एवढ्या वर्षांत तिला सांगायचं राहूनच गेलं.